ट्रकवर क्लीनर म्हणून चढायचं की कंपनीच्या ट्रेनिंगला जायचं? नागपूरच्या नवीन पोट्ट्यांसाठी

मागच्या हप्त्यात भाच्याचा फोन आला. मामा, एक कंपनी ट्रेनी ड्रायव्हर घेऊन राहिली, स्टायपेंड देते म्हणे, आणि इकडे आपल्या ट्रान्सपोर्टवाल्या वाडीतला एक उस्ताद, म्हणजे जुना ट्रक ड्रायव्हर, म्हणतो माझ्यासोबत क्लीनर म्हणून चल, दीड वर्षात तुझ्या हातात गाडी देतो, तर मी काय करू? पोरगं एकोणीस वर्षांचं, बारावी झालेलं, आजवर बाईकशिवाय काही चालवलं नाही. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं म्हणून लिहून काढलं, आणि लिहिता लिहिता वाटलं की हा प्रश्न एकट्या त्याचा थोडीच आहे, कळमना, पारडी, कापसी, बुटीबोरी, कुठंही उभं राहा, चार पोट्टे हेच विचारतात.

माझं सांगतो, मी अकरा वर्षं ट्रकच्या लाईनीत होतो. आधी क्लीनर, मग एका कंपनीत ट्रेनी म्हणून परत शून्यापासून, आणि पाठीनं हात टेकले तेव्हा खाली उतरलो. आता वाडीतच एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, फाडतो. म्हणजे दोन्हीकडचं मीठ खाल्लंय आणि दोन्हीकडच्या शिव्यापण.

आधी पैशाचं, कारण सगळे तिथंच अडकतात. मी क्लीनर होतो तेव्हा महिना ६ हजार आणि रोजची २०० खुराकी. ढाब्यावर उस्तादसोबत जेवलं की १२० मध्ये भागायचं, उरलेले ८० खिशात, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर २ हजार. म्हणजे ८ हजार हातात. पुढं कंपनीत ट्रेनी झालो तर कागदावर ११ हजार लिहिलेले, मी खुश, घरी पेढे, आणि पहिल्या महिन्याची स्लिप पाहिली तर मेसचे २२००, डिपॉझिटचे १०००, ड्रेस आणि बुटाचे ५००, हातात ७३००. दोन्ही आकडे माझ्या वेळचे आहेत, आज दोन्ही वाढलेत, पण आकड्याच्या पोटातला आकडा पाहायची सवय तेव्हा लागली ती अजून आहे. कंपनीवाला ११ सांगतो आणि उस्ताद ६ सांगतो, तरी महिनाअखेर उस्तादकडचं पोट्टं वरचढ निघू शकते. फरक एवढाच की कंपनीचे ७३०० सात तारखेला खात्यात यायचे आणि मालकाकडचे ६ हजार कधी दिवाळीला, कधी उचल कापून, कधी "पुढच्या ट्रिपले पाहू".

पण खरं सांगू का, सुरुवातीच्या पगारावरून ठरवूच नका. नवीन माणूस चुकतो, चुकणारच, आणि ती चूक कोणाच्या खात्यात पडते ते पाहा.

कळमन्यातून तूरडाळ भरून जबलपूरकडं निघालो होतो, पावसाचे दिवस. ताडपत्री मीच बांधली होती. सिवनीच्या अलीकडं पाऊस लागला आणि मागचा कोपरा उघडा पडला, कारण दोर हुकात एकदाच फिरवला होता, दोनदा फिरवून खाली ताणायचा असतो हे मला कोणी दाखवलंच नव्हतं. चार पोती भिजली. व्यापाऱ्यानं शॉर्टेज लावला, म्हणजे भिजलेल्या मालाचे पैसे कापले, मालकानं उस्तादला विचारलं, उस्ताद म्हणाला, "पोट्ट्यानं ढिली बांधली." माझे ३ हजार गेले, अर्धा पगार. उस्ताद वाईट माणूस नव्हता हो, त्याच रात्री त्यानं मला जवळ बसवून अंधारात हातानं चाचपून गाठ बांधायला लावली, दहा वेळा. ती गाठ आजपण डोळे मिटून बांधतो. पण ३ हजार गेले ते गेलेच.

आता दुसरीकडचं. कंपनीत ट्रेनी असताना बुटीबोरीच्या एका प्लांटात गाडी रिव्हर्स लावताना मागचा दिवा फोडला. सिनियर ड्रायव्हर खाली उभा राहून डाल्यावर, म्हणजे मागच्या फळीवर, थाप मारून राहिला होता, एक थाप म्हणजे येऊ दे, दोन म्हणजे थांब, आणि मी घाबरून दोन थापा एकच ऐकल्या. मला वाटलं झालं, गेला महिना. तर त्यांनी एक फॉर्म भरून घेतला आणि तीन दिवस परत यार्डात, तेच रिव्हर्स, कोनं लावून, सकाळ संध्याकाळ. एक पैसा कापला नाही. पहिल्या नव्वद दिवसांत एवढ्या चुका माफ असं त्यांच्याकडं ठरलेलंच होतं.

म्हणून मला कंपनी आवडते असं समजू नका, कारण त्याच कंपनीनं माझी बारावीची ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतली होती आणि दोन वर्षांचा बॉण्ड होता. बाबा आजारी पडले, आठ महिन्यांत सोडावं लागलं, तर ट्रेनिंगचा खर्च ४० हजार भरा म्हणाले. तो खर्च कसा काढला ते कोणी कागदावर दाखवलं नाही. मार्कशीट परत मिळायला पाच महिने आणि एका ओळखीच्या वकिलाची चिठ्ठी लागली. तेव्हा पहिली गोष्ट, ओरिजिनल कागद कोणालाच द्यायचे नाहीत, झेरॉक्सवर सही करून द्या, तेवढ्यावर नाही म्हणाले तर तिथूनच मागं फिरा. दुसरी, बॉण्डवर सही करायच्या आधी विचारा की चार महिन्यांनी सोडलं तर किती, दहा महिन्यांनी सोडलं तर किती, रक्कम महिन्यागणिक कमी होत असेल तर ठीक, शेवटपर्यंत एकच आकडा असेल तर डाळीत काळं आहे.

हे अमेरिकेतपण असंच चालते, यूट्यूब पाहून पोट्टे तिकडचीच स्वप्नं पाहतात म्हणून सांगून राहिलो. तिकडं २०२२ च्या फेब्रुवारीपासून मोठ्या गाडीच्या लायसन्सआधी ठरलेलं ट्रेनिंग घ्यावंच लागते, बऱ्याच मोठ्या कंपन्या शाळेचा खर्च करतात आणि बदल्यात वर्षभरासाठी वगैरे बांधून घेतात, ट्रेनर ड्रायव्हरसोबत काही हप्ते एकाच केबिनीत झोपणं, तोवर कमी पैसे, आणि मग मैलावर पगार. एका पाळीत ११ तासांच्या वर गाडी चालवायची नाही आणि मध्ये सलग १० तास सुट्टी, ते यंत्रावर नोंदवलं जाते. मैलावर पगार म्हणजे गोदामाच्या दारात उभे राहिलेले तास पोटावर येतात, ही रड तिकडचीपण आहे. आपल्याकडं ट्रिपवर पैसे घेणाऱ्याचं हेच.

आपल्याकडच्या तासांचं काय? २०२५ च्या नोव्हेंबरपर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला ८ तास, हप्त्याला ४८ लिहिलेलं होतं. उस्तादला हे सांगितलं तर तो खर्रा घोटता घोटता हसेल. हैदराबाद ५०० किलोमीटर, संध्याकाळी निघालं की सकाळी खाली करायची, मध्ये झोप म्हणजे ढाब्यावरची खाट आणि दीड तास. कंपनीत जीपीएस असते, आमच्याकडं ६० च्या वर गेलं की फोन यायचा आणि रात्री ठरावीक वेळेत गाडी हलली की दुसरा फोन. तेव्हा वैताग यायचा, आज पाठ दुखते तेव्हा वाटते की पहिली पाच वर्षं कोणी असे फोन केले असते तर बरं झालं असतं.

शिकायला काय मिळते यात मात्र दोन्हीकडं अर्धं अर्धं आहे. उस्तादकडं हात आणि कान शिकतात. टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, टायर ठोकायचं आणि आवाजावरून हवा ओळखायची, टणक वाजला तर ठीक, भद्द वाजला तर खाली बसून पाहा. माल कसा पसरवायचा, कुठल्या गोदामात हमाल आधी पैसे मागतात, कोणत्या ढाब्यावर डिझेल चोरी होते. ही शाळा कुठल्याच यार्डात नाही. पण २०२० च्या एप्रिलपासून नव्या गाड्या बीएस सिक्स, म्हणजे कमी धुराच्या नियमाच्या, आल्या, डॅशबोर्डवर दिवा लागला की जुना उस्ताद त्यावर कपडा टाकतो, ही माझ्या डोळ्यांदेखतची गोष्ट आहे. धूर साफ करणाऱ्या युरियाच्या पाण्याची टाकी रिकामी झाली की गाडी दम टाकते, ते कंपनीत पहिल्याच हप्त्यात सांगतात. ई-वे बिलाला, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाईन कागदाला, २०० किलोमीटरमागं एक दिवस मिळतो, गाडी बिघडली तर मुदत संपायच्या आत ऑफिसला फोन करून वाढवून घ्यायची, हे मला क्लीनर असताना कोणी सांगितलं नाही, कारण उस्तादलाच माहीत नव्हतं. ओव्हरलोडचंपण तसंच. दहा चाकीला गाडीसकट साडेअठ्ठावीस टन, त्यावर भरलं तर २० हजार आणि वरच्या दर टनाला २ हजार दंड. मालक म्हणतो पाहून घेऊ, पण वजनकाट्यावर धरल्यावर शिव्या खायला केबिनीत तू असतो.

डिझेलचा हिशोबपण समजून घ्या, ड्रायव्हर झाल्यावर खरी कमाई तिथंच आहे. समजा मालकानं लिटरला ४ किलोमीटरचा ॲव्हरेज धरून हैदराबाद येण्या-जाण्याचं १००० किलोमीटरचं २५० लिटर दिलं. तू ४.२ काढला तर २३८ लिटर लागलं, १२ लिटर वाचलं, ९० रुपये लिटर धरलं तरी हजाराच्या वर. बऱ्याच मालकांकडं हे वाचलेलं ड्रायव्हरचं, काही कंपन्यांत अर्धं इन्सेंटिव्ह म्हणून, काहीत काहीच नाही. भरतीवेळी हे विचारा, नुसता पगार काय विचारता. पीएफ आणि ईएसआयसी, म्हणजे कामगाराच्या दवाखान्याचा विमा, कापतात का तेपण विचारा. पीएफ साधारण २० माणसांच्या वर लागतो, म्हणून तीन गाड्यांच्या मालकाकडून त्याची अपेक्षाच नको. आणि ईएसआयसी २१ हजारांपर्यंतच्या पगाराला. माझ्या पाठीचा इलाज त्याच कार्डावर झाला.

उमरेडकडं कोळशाच्या हायवावर, म्हणजे मोठ्या टिप्परवर, किंवा कोराडी-खापरखेड्याच्या राखेच्या टिप्परवर जायचं म्हणाल तर पैसे रोजचे रोज आणि रात्री घरी, एवढंच चांगलं. फेऱ्यांवर हिशोब असतो म्हणून जो तो पळवतो. नवीन हातानं तिथं सुरुवात करू नये, बस.

आता लायसन्स, कारण भाच्याचा खरा अडथळा तिथं आहे आणि दोन्हीकडच्यांनी ते त्याला सांगितलंच नाही. ट्रान्सपोर्ट गाडीसाठी वय वीस पूर्ण लागते, आणि त्याचं लर्निंग निघायच्या आधी हलक्या गाडीचं लायसन्स वर्षभर जुनं पाहिजे. आठवी पासची अट २०१९ मध्ये गेली, ते एक बरं झालं. हलक्या गाडीच्या लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतची मालगाडी चालते, सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पक्कं केलं, म्हणजे छोटा टेम्पो चालेल, दहा चाकी नाही. उस्ताद म्हणतो रात्री रिकाम्या रोडवर देतो चालवायला. देतातच, मलाही दिली होती, पेंचच्या जंगलातल्या त्या पट्ट्यात, आणि छाती फुगली होती हेपण खरं. पण विना लायसन्स सापडलं तर चालवणाऱ्याला ५ हजार आणि ज्यानं दिली त्यालापण ५ हजार, आणि ॲक्सिडेंट झाला तर इन्शुरन्सवाला मालकाच्या मानेवर बसतो, मालक उस्तादच्या, आणि उस्ताद कोणाच्या बसेल ते तूरडाळीच्या गोष्टीत सांगितलंच आहे.

म्हणून भाच्याला जे सांगितलं तेच इथं. दोनातलं एक निवडूच नको, मागंपुढं कर. उद्या हलक्या गाडीच्या लर्निंगचा फॉर्म भर. पक्कं लायसन्स हाती आलं की तिथून एक वर्ष तसंही काढायचंच आहे, ते उस्तादसोबत क्लीनर म्हणून काढ, दोर, टायर, माल, माणसं शिक, स्टिअरिंगला हात लावू नको आणि पगार महिन्याच्या महिन्याला माग. वर्ष झालं की ट्रान्सपोर्टचं लायसन्स काढून कंपनीत ट्रेनी म्हणून जा, तोवर ताडपत्री बांधता येणारं पोट्टं म्हणून तिथले सिनियरपण जरा नीट बोलतील. कंपनी आत्ताच या म्हणत असेल तर तिला एकच विचार, माझं हेवीचं लायसन्स निघेपर्यंत तुम्ही मला कशावर बसवणार? भाच्यानं विचारलं. तिकडून उत्तर आलं की तोवर गोदामात हेल्पर, आणि बॉण्ड मात्र आजपासून सुरू.

उस्तादला फोन त्यानं स्वतःच लावला. मी फक्त म्हटलं, जाताना एक जुनी चादर आणि स्वतःचा टॉर्च घेऊन जा, गाडीतला कधीच चालू नसतो.