बाभूळ, बहावा की पळस? उजाड मुरमात पहिलं बी कुठलं टाकायचं

वरची माती वाहून गेलीये, नुसता मुरूम उरलाय आणि रोपं आणून पाणी घालत बसायला वेळ नाही, तर थेट बीच टाकावं लागणार, आणि मग झाड कुठलं यापेक्षा बियाची साल कशी हे आधी बघायचं. (जागा खरंच उजाड झालीये का तेही बघा. मुळातला गवताळ माळ असेल तर राहू दे तसाच, तिथे झाडं कशाला.)

बाभळीचं बी टणक. तसंच टाकलं तर थोडं यंदा उगवतं, थोडं पुढच्या पावसात, बाकीचं पडून राहतं. लोकांना हा तोटा वाटतो, मला नाही, कारण जूनमध्ये एक सर येऊन पावसाने दडी मारली की एकदम उगवलेलं सगळं एकदम करपतं. म्हणून मी अर्धं तसंच टाकतो आणि अर्धं गरम पाण्यातून काढतो. पाणी उकळून गॅस बंद करायचा, मग बी टाकून रात्रभर ठेवायचं, सकाळी जे फुगलंय ते पेरायचं आणि जे खड्यासारखं तसंच राहिलंय त्याला परत पाणी दाखवायचं. पहिल्या वर्षी मी पातेलं गॅसवरच ठेवलं, बियांची उसळ झाली. शेळ्या असतील तर एवढं पण नको, शेंगा खाऊ घाला आणि सकाळी वाड्यातनं बी वेचा.

बहाव्याची साल याहून चिवट, नेलकटरने एकेका बीचा टवका काढत बसावं लागतं, शंभर झाल्या की बोटं बोंबलतात. आणि शेंगवाला असून मुळांना नत्राच्या गाठी (हवेतलं नत्र धरून झाडाला देणाऱ्या) नाहीत, बाभळीला आहेत. दिसतो झकास, पण पहिल्या फळीत मी नाही घेणार.

पळसाचं सगळं उलटं. पापडीसारखी शेंग, आत एकच बी, मे-जूनमध्ये पडली की लगेच पेरायची, भिजवणं-उकळणं काही नाही. डब्यात ठेवून पुढच्या वर्षी बघू म्हणालात तर गेलं. करंजही ताजाच लावा, फक्त शेंग फोडून बी काढायचं. गुरं मोकाट चरत असतील तर हे दोघेच, कारण त्यांना सहसा कोणी तोंड लावत नाही.

एकदाच जाऊन यायचं असेल तर बाभूळ. पळस लावलात तर उन्हाळ्यात वरचा शेंडा वाळलेला दिसेल, पहिली काही वर्षं तो असाच करतो, खाली मूळ जाड होत असतं, मेला समजून उपटू नका.