गच्चीवर काय घ्यावं: शेडनेट की प्लास्टिकचं छप्पर, ग्रो बॅग की कुंडी?

ग्रीनहाऊसचं मूळ काम ऊब कोंडून ठेवण्याचं. पुण्या-नागपूरच्या गच्चीवर भाजीला छळतात ते मात्र एप्रिल-मेचं ऊन आणि जुलैचा पाऊस. म्हणून चार कप्प्यांचं, झिपचं पारदर्शक आवरण असलेलं ‘मिनी ग्रीनहाऊस’ घेण्याआधी थांबा. त्यात हवा इतकी थोडी असते की उन्हाळ्याच्या दुपारी झिप बंद राहिली की रोपं करपतात. पावसाळ्यात ओल कोंडते आणि रोपं बुडाशी काळी पडून कोलमडतात. निफाडसारख्या ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत मिरचीचं बी लवकर उगवून घ्यायला ते बरं, तेवढंच.

शेडनेट की प्लास्टिक

उन्हाळ्यासाठी शेडनेट. टोमॅटो, मिरची, वांगी यांना ३५ टक्के सावलीची जाळी, पालेभाज्या आणि रोपांना ५० टक्के. दुकानदार ‘जास्त सावली, जास्त गारवा’ म्हणत ७५ किंवा ९० टक्के देऊ करतो; त्याखाली टोमॅटो नुसता उंच वाढतो आणि फुलं कमी धरतो. जाळी शेंड्यापासून हातभर तरी वर असू द्या, म्हणजे गरम हवा निघून जाते. जूनमध्ये ती काढून ठेवा: ढगाळ दिवसांत उजेड आधीच कमी असतो आणि जाळीतून पाऊस गळतोच.

पावसासाठी प्लास्टिक, पण फक्त डोक्यावर. चारही बाजू उघड्या. मुंबई-कोकणात याचा खरा फायदा टोमॅटोला होतो, कारण पानं कोरडी राहिली की करपा कमी येतो. अतिनील किरणांना टिकणारा २०० मायक्रॉन जाडीचा प्लास्टिक कागद घ्या. मीटरवर मिळणारं साधं प्लास्टिक उन्हात लवकर तडकतं. उतार पुरेसा ठेवा, नाहीतर पाणी साचून छप्पर पोट काढतं आणि सांगाडा वाकतो.

वाऱ्याचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. जाळीतून वारा आरपार जातो, प्लास्टिक मात्र वळवाच्या पावसात शिडासारखं फुगतं. उंच इमारतीच्या गच्चीवर म्हणून जाळीच बरी. खांबांसाठी स्लॅबला भोकं पाडू नका, वॉटरप्रूफिंग तिथेच फुटतं. खांबाचा पाय काँक्रीट भरलेल्या बादलीत रोवा.

पांढरी माशी अडवायला बाजूंना ४० मेशची (इंचाला ४० भोकं असलेली) कीटकजाळी लावली, तर मधमाशीही बाहेरच राहते. मग काकडीचं परागीकरण सकाळी आणि दुधी-दोडक्याचं संध्याकाळी, फुलं उमलल्यावर, हातानं करावं लागतं. टोमॅटोला फुलांचा घोस हलकेच टिचकीनं हलवला तरी पुरे.

ग्रो बॅग, मातीची कुंडी की प्लास्टिकची

आधी वजन बघा. भारतीय मानक ८७५ (भाग २) नुसार ये-जा असलेल्या छतासाठी चल भार (माणसं, सामान यांचा बदलता भार) चौरस मीटरला साधारण १५० किलो धरतात. १५ × १५ इंची ग्रो बॅगेत (रोप लावायच्या पिशवीत) सुमारे ४३ लिटर मिश्रण मावतं. निव्वळ ओली माती भरली, तर एक बॅग ७० किलोच्या घरात जाते. अशा तीन शेजारी ठेवल्या की मर्यादा ओलांडली. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कंपोस्ट जास्त असलेलं मिश्रण जवळपास निम्म्या वजनात बसतं. जड बॅगा तुळईवर किंवा भिंतीलगत ठेवा. इमारत जुनी असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

मातीची कुंडी घाम गाळते, त्यामुळे मुळं गार राहतात, पण मे महिन्यात दिवसातून दोनदा पाणी मागते. रोज घरी कुणी नसेल तर ती नको. रंग दिलात तर छिद्रं बुजून हा गुणच जातो. काळी प्लास्टिक कुंडी पाणी टिकवते, पण पश्चिमेच्या उन्हात तापून मुळं भाजते. ती कठड्याच्या सावलीत ठेवा. जाड विणीची एचडीपीई (एक टणक प्लास्टिक) ग्रो बॅग हलकी आणि स्वस्त. तिची खोड एकच: भरल्यावर ओढून हलवली की शिवण उसवते. म्हणून जागेवर, विटांवर ठेवूनच भरा.

मिरची-वांग्याला १२ × १२ इंची (सुमारे २२ लिटर) पुरते, टोमॅटोला १५ × १५, तर पालेभाजीला रुंद पण ९ इंच खोल बॅग. लिंबासाठी मात्र कापलेला ड्रमच घ्या.

मिश्रण: चार भाग तांबडी माती, तीन भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, तीन भाग धुतलेलं कोकोपीट. न धुतलेल्या कोकोपीटमधल्या क्षारांनी पानांच्या कडा जळतात. नुसती काळी माती कुंडीत भरू नका. ती ओली असताना चिकट गोळा होते आणि वाळली की भेगाळते.

तळाला खडीचा थर देण्याची पद्धत सर्रास आहे, पण तिनं निचरा सुधारत नाही. मिश्रण पूर्ण भिजेपर्यंत पाणी खडीत उतरत नाही, म्हणजे ओला थर मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर खापरीचा तुकडा किंवा जुन्या शेडनेटची चकती ठेवली की झालं.