शंभरला बंद न होणारी किटली : आठ महिन्यांनंतर

आधी कबुली देतो. ही विजेची किटली, जितक्या अंशांवर लावाल तितक्याला आपोआप बंद होणारी. दुसऱ्याच महिन्यात मी हिला एक स्टार दिला होता. आज तो बदलतोय, पण पाच मिळणार नाहीत.

बगळ्याच्या मानेसारखी तोटी, किती लिटरची, किती रंगांत, ते सगळं तुम्ही बघितलेलंच असेल. माझं भांडण एकाच गोष्टीशी. १०० वर लावली की आकडा ९८ वर जाऊन बसायचा. पाणी खदखदतंय, पण किटली बंद व्हायचं नाव नाही. एकदा आई पूजेला बसली आणि विसरली. १२०० वॉट, दहा मिनिटं, म्हणजे ०.२ युनिट नुसतं वाफेत गेलं!

सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, सेन्सर गेलाय. भिवंडीला पाठवली. बारा दिवसांनी शेरा मारून परत : 'टेस्टिंग ओके'. घरी पुन्हा ९८. पुन्हा पाठवली, पुन्हा ओके, वर तपासणीचे ३५० रुपये. फोनवर मी काय बोललो ते इथे लिहीत नाही.

शेवटी त्यांनी पुरावा म्हणून फोटो पाठवला. भिवंडीच्या टेबलावर माझीच किटली, आकडा १००, दिवा बंद. आई फोटो बघून म्हणाली, "महाबळेश्वरला कुकरशिवाय आपली डाळ कुठे शिजली होती?"

तेव्हा ट्यूब पेटली. भिवंडी जवळजवळ समुद्रसपाटीला, आमचं पुणं ५६० मीटरच्या आसपास. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी आधीच उकळतं. दर ३०० मीटरला साधारण एक अंश. इथे उघडं पाणी कितीही तापवा, ९८ च्या फारसं वर जात नाही. किटली बिचारी रद्द झालेल्या गाडीची वाट बघत उभी! पण माहितीपुस्तिकेत एवढी एक ओळ छापायला काय जात होतं?

आणि कॉफीला १०० लागतच नाहीत. चिकमंगळूरची मध्यम भाजलेली पूड १५ ग्रॅम, पाणी २४० मिली, कागदी गाळणी, तीन मिनिटं. ९३ ला माझी चव बसली. ८५ ला केली तेव्हा आंबट आणि पाणचट, कारण आंबटपणा आधी उतरतो, गोडवा पुडीतच राहतो. पहिली धार ओतून अर्धा मिनिट थांबा. पूड ताजी असेल तर आत अडकलेला कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि वर घावनासारखी जाळी पडते. ते बघायला मी रोज चष्मा लावून उभा असतो.

तर तीन स्टार. एक कापला ३५० रुपयांचा, एक त्या न छापलेल्या ओळीचा. आईला चहासाठी ९७ लावून दाखवलंय. "उकळी न येता कसला चहा," म्हणत ती शंभरच दाबते. मग मीच उठून बंद करतो.