ट्रिपल ऑप्शन की स्प्रेड: हंगामभर कोणत्या आक्रमणाचा पाठपुरावा करावा?

अमेरिकन फुटबॉलमधला डाउन, यार्ड आणि घड्याळ यांचा हिशेब एकदा अंगवळणी पडला की अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्यापैकी अनेकांसमोर एक प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर पुढे बरीच वर्षे पुरते. शरद ऋतूतले शनिवार मोजकेच असतात, त्यातले काही मुलांच्या मराठी शाळेत आणि मंडळाच्या कार्यक्रमांत जातात. उरलेल्या वेळात एकाच कॉलेज संघाचा मनापासून पाठपुरावा करायचा असेल, तर तो ट्रिपल ऑप्शन (तिघांपैकी चेंडू घेऊन कोणी धावायचे हे डाव सुरू झाल्यावर ठरणारे आक्रमण) खेळणारा असावा, की आज जवळपास सर्वत्र दिसणारे स्प्रेड (खेळाडूंना मैदानभर पसरवणारे आक्रमण) आणि आरपीओ (रन-पास ऑप्शन, म्हणजे धाव की पास हे डाव सुरू झाल्यावर ठरवणे) खेळणारा? मी ही निवड केली आहे. अटलांटात राहत असताना दोन्ही पद्धती एकाच मैदानावर समोरासमोर पाहायला मिळाल्या, कारण 2008 ते 2018 या काळात जॉर्जिया टेकचे प्रशिक्षक पॉल जॉन्सन होते आणि त्यांच्याशी खेळायला येणारे बहुतेक संघ दुसऱ्या पद्धतीचे होते.

स्प्रेडची बाजू आधी मांडतो, कारण ती बाजू भक्कम आहे. हॅल मुमी आणि माइक लीच यांनी 1989 पासून आयोवा वेस्लियनसारख्या छोट्या कॉलेजात जी पासवर भर देणारी ‘एअर रेड’ पद्धत घडवली, तिने मैदानाची पूर्ण रुंदी वापरायला शिकवले आणि तुलनेने दुबळ्या संघांनाही मोठ्यांसमोर उभे केले. लीच यांच्या टेक्सस टेकने 2008 मध्ये टेक्ससला 39-33 असे हरवले तेव्हा मायकल क्रॅबट्रीने एक सेकंद शिल्लक असताना केलेला टचडाउन ज्यांनी पाहिला, त्यांना या खेळाची गोडी लावायला आणखी कोणाची गरज उरली नसेल. 2019 च्या एलएसयूचे (लुइझियाना स्टेट विद्यापीठाचे) उदाहरण तर याहून मोठे आहे: त्यांचा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा खेळाडू) जो बरो याने त्या एका हंगामात 60 टचडाउन पास टाकले आणि संघ 15-0 असा अपराजित राहिला. इतक्या वेगाने आणि इतक्या अचूकतेने चालणारे आक्रमण ट्रिपल ऑप्शनमधून मी कधी पाहिलेले नाही. संघ दोन टचडाउनांनी मागे असताना चौथ्या क्वार्टरमध्येही आशा जिवंत राहते, हाही या पद्धतीचा मोठा गुण आहे. ज्याला पासचा सौंदर्यानुभव हवा आहे, त्याने माझे पुढचे म्हणणे वाचूनही स्प्रेडच निवडावे, असे मी प्रामाणिकपणे म्हणेन.

माझे मत मात्र एका गोष्टीमुळे फिरले. स्प्रेड खेळणारा संघ रांगेत उभा राहतो, क्वार्टरबॅक टाळी वाजवून स्नॅप (चेंडू मागे देऊन डाव सुरू करणे) होणार असल्याचा भास निर्माण करतो, बचावाची मांडणी उघडी पडते, आणि मग आक्रमणातले खेळाडू एकदम बाजूरेषेकडे वळतात. तिथे कोणी मोठे चित्रफलक धरलेले असतात, कोणी हातवारे करत असते, आणि त्यातले बरेचसे इशारे प्रतिस्पर्ध्याला चकवण्यापुरतेच असतात. वरच्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत बसलेला सहायक प्रशिक्षक बचाव पाहतो, नवा डाव सांगतो, तो खाली पोहोचतो आणि मगच चेंडू हलतो. हे सर्व नियमाला धरून आहे आणि हुशारीचेही आहे. परंतु मी शनिवारी मैदानात ज्या निर्णयाची वाट पाहत बसलेलो असतो, तो निर्णय माझ्या डोळ्यांसमोरच्या खेळाडूंनी घेतलेला नसतो, ही भावना मला दर डावागणिक बोचू लागली. सामना रंगात आलेला असताना ही मान वळवण्याची क्रिया पुन्हा पुन्हा होते, आणि एकदा ती खटकू लागली की तिच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. 2024 पासून सर्वोच्च विभागात एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा आवाज पोहोचवण्याची मुभा मिळाली आणि प्ले क्लॉकवर 15 सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. त्यामुळे फलकांची गरज कमी झाली असली तरी निर्णयाचे ठिकाण बदललेले नाही. हा माझ्या स्वभावाचा भाग असू शकतो, इतरांना त्याचा त्रास होत नसेल, हे मी मान्य करतो.

निष्पक्षतेसाठी सांगायला हवे की ट्रिपल ऑप्शनचा डावही बहुधा बाकावरूनच येतो. जॉन्सन स्वतः डाव सांगत असत. फरक स्नॅपनंतर पडतो. प्रशिक्षकाने सांगितलेल्या डावात चेंडू शेवटी कोणाकडे जाणार हे ठरलेलेच नसते. क्वार्टरबॅक चेंडू फुलबॅकच्या (मधून धावणाऱ्या खेळाडूच्या) पोटाशी नेतो आणि त्याच क्षणी, मुद्दाम न अडवलेल्या पहिल्या बचावपटूच्या खांद्यांकडे पाहतो. तो आत वळला तर चेंडू काढून घ्यायचा, बाहेर थांबला तर फुलबॅककडे सोडायचा. काढून घेतला तर पुढे दुसरा मोकळा सोडलेला बचावपटू उभा असतो. तो क्वार्टरबॅकवर आला तर चेंडू बाहेर धावणाऱ्या बॅककडे पिच करायचा, म्हणजे हाताने बाजूला फेकायचा, नाहीतर स्वतः धावायचे. दोन निर्णय, दीड-दोन सेकंदांत, समोरून जड बचावपटू अंगावर येत असताना. कबड्डीत चढाईला गेलेल्या खेळाडूला मध्यरेषेपलीकडे जसे स्वतःच्या दमावर आणि नजरेवर विसंबावे लागते, तसेच हे आहे. आरपीओमध्येही स्नॅपनंतर बचावपटू वाचला जातो हे खरे, किंबहुना ती कल्पना ऑप्शनच्याच घराण्यातली आहे. परंतु तिथे लाइनबॅकरचे (बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूचे) एक पाऊल आणि पासचा एक झटका यांत सगळे संपून जाते आणि प्रेक्षागारातून काय वाचले गेले हे मला क्वचितच कळते. ऑप्शनमध्ये तो निर्णय मला दिसतो, आणि चुकला तरी दिसतो.

या पद्धतीचा खरा गुण तिच्या गणितात आहे. साध्या धावेत क्वार्टरबॅक चेंडू देऊन मोकळा होतो आणि बचावाकडे एक माणूस जास्त उरतो. ट्रिपल ऑप्शनमध्ये दोन बचावपटूंना अडवण्याऐवजी वाचले जाते, म्हणजे त्यांना अडवण्यासाठी लागणारे दोन आक्रमक लाइनबॅकरपर्यंत पोहोचायला मोकळे होतात. म्हणूनच ही पद्धत ज्यांच्याकडे सर्वांत अवाढव्य लाइनमन येत नाहीत त्यांच्या उपयोगाची ठरते. आर्मी, नेव्ही आणि एअर फोर्स या लष्करी अकादमींच्या खेळाडूंना पदवीनंतर सैन्यात सेवा करायची असते, शारीरिक निकष सांभाळायचे असतात. तीनशे पाउंडांच्या भिंती उभ्या करणे त्यांना परवडत नाही. तरीही 2018 च्या सप्टेंबरमध्ये आर्मीने नॉर्मनला जाऊन ओक्लाहोमाला जादा वेळेपर्यंत झुंजवले. सामना 28-21 असा गमावला, परंतु निर्धारित साठ मिनिटांपैकी जवळजवळ पाऊण तास चेंडू आर्मीच्या ताब्यात होता, आणि त्याच हंगामात हाइसमन ट्रॉफी (कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) मिळवणारा ओक्लाहोमाचा क्वार्टरबॅक कायलर मरी बहुतेक काळ बाजूरेषेवर उभा राहून पाहत होता. समोरचे आक्रमण कितीही भेदक असले तरी त्याला मैदानावरच येऊ न देणे, हा बचावाचा प्रकार मला या खेळातला सर्वांत बुद्धिमान प्रकार वाटतो. 2004 च्या एमराल्ड बाउल या हंगामाअखेरच्या सामन्यात नेव्हीने न्यू मेक्सिकोविरुद्ध एकाच ड्राइव्हमध्ये (चेंडू ताब्यात असतानाच्या सलग डावांत) 26 डाव खेळून 14 मिनिटे 26 सेकंद खर्च केले होते. ती ड्राइव्ह फील्ड गोलवर संपली, तरी न्यू मेक्सिकोच्या हातातून जवळपास एक अख्खा क्वार्टर गेला होता.

याच घडणीतून चौथ्या डाउनचा आनंदही येतो. दर डावाला तीन-चार यार्डांची खात्री असलेला संघ चौथ्या डाउनला दोन यार्ड बाकी असताना सहसा पंट करत नाही, म्हणजे लाथेने चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे लांब सोपवत नाही, आणि त्यामुळे मैदानाच्या मध्यावरही ताण टिकून राहतो. दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्यांना इतकेच सुचवेन की चेंडूकडे पाहू नये. कॅमेराही अनेकदा रिकाम्या हाताच्या फुलबॅकमागे धावत जातो. मैदानात जाणे शक्य असेल तर गोलपोस्टच्या मागे, वरच्या रांगांत बसावे. तिथून पिचचा कोन आणि न अडवलेला बचावपटू दोन्ही एका नजरेत येतात, आणि माझ्या अनुभवात मधल्या महागड्या जागेपेक्षा तिथे खेळ अधिक समजतो.

आता दोषांकडे वळतो, आणि ते किरकोळ नाहीत. संघ पंधरा गुणांनी मागे पडला आणि घड्याळात सहा मिनिटे उरली की ट्रिपल ऑप्शनच्या चाहत्याला फार वाईट वेळ येते. ज्या संथपणाने पहिल्या अर्ध्यात प्रतिस्पर्ध्याला छळले तोच आता आपल्यावर उलटतो. पिच हवेत असताना जरा हात लागला की चेंडू जमिनीवर पडतो. दहा यार्डांचा एक दंड संपूर्ण ड्राइव्ह मोडून टाकू शकतो. तयारीला वेळ मिळाला तर चांगला बचाव या पद्धतीला आवर घालतो, हा आक्षेपही गंभीर आहे. जॉर्जिया टेक 2008 चा हंगाम संपवताना बाउल सामन्यात एलएसयूकडून 38-3 असे हरले आणि पुढच्या हंगामाच्या ऑरेंज बाउलमध्ये आयोवाने त्यांना 24-14 असे रोखले. दोन्ही वेळा प्रतिस्पर्ध्याला काही आठवडे मिळाले होते. मात्र यावरून सरसकट नियम काढू नये, कारण 31 डिसेंबर 2014 रोजी त्याच ऑरेंज बाउलमध्ये त्याच जॉन्सन यांच्या संघाने मिसिसिपी स्टेटविरुद्ध 49 गुण केले आणि सामना 49-34 असा जिंकला. शिवाय हंगामातल्या नेहमीच्या आठवड्यात हाच आक्षेप उलटा होतो: प्रतिस्पर्ध्याला तीन-चार सरावांत, वर्षातून एकदाच दिसणाऱ्या आक्रमणाची तयारी करावी लागते, आणि ज्या बचावपटूला वर्षभर चेंडूमागे धावायला शिकवले त्याला एकाच माणसाशी चिकटून राहायला सांगावे लागते.

रिसीव्हरांचा, म्हणजे पास झेलणाऱ्यांचा, प्रश्न मात्र खराच आहे. डेमारियस थॉमसला 2009 मध्ये जॉन्सन यांच्या आक्रमणात फारसे पास आले नाहीत, जे आले त्यांवर त्याने सरासरी पंचवीस यार्डांची मजल मारली आणि 2010 च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत) पहिल्याच फेरीत त्याची निवड झाली. पण तो अपवाद होता. नेव्हीचा क्वार्टरबॅक कीनन रेनल्ड्स याच्या नावावर कारकिर्दीत धावून केलेले 88 टचडाउन आहेत, तरी व्यावसायिक फुटबॉलने त्याला क्वार्टरबॅक म्हणून नव्हे तर रिसीव्हर म्हणून घेतले. ज्यांच्या घरात हा खेळ खेळणारी मुले आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

नियमांनीही या पद्धतीला बरेच सोसायला लावले आहे. कमरेखालून अडवण्यावर आधी 2018 मध्ये आणि मग 2022 मध्ये अधिक कडक मर्यादा आल्या. दुसऱ्या बदलानंतर टॅकल बॉक्सच्या (चेंडूभोवतीच्या मधल्या पट्ट्याच्या) बाहेर असे अडवणे बंद झाले आणि कडेच्या बचावपटूला खाली पाडणारे बॅक व रिसीव्हर यांचे जुने हत्यार गेले. गुडघ्यांच्या दुखापतींचा विचार करता या नियमाला मी विरोध करू शकत नाही. आर्मीने त्यानंतर 2023 मध्ये शॉटगनमधून (क्वार्टरबॅकला काही यार्ड मागे उभे ठेवून) खेळणारे आक्रमण स्वीकारले आणि हंगाम 6-6 असा संपला. 2024 मध्ये आर्मीचे प्रशिक्षक जेफ मंकन यांनी क्वार्टरबॅकला पुन्हा चेंडू देणाऱ्या सेंटरच्या लगेच मागे उभे केले. क्वार्टरबॅक ब्रायसन डेलीने धावून 32 टचडाउन केले, संघ 12-2 असा खेळला आणि आर्मीने आपल्या इतिहासातले पहिले कॉन्फरन्स विजेतेपद मिळवले. एका वर्षाचा पुरावा अपुरा असतो हे खरे, तरी ही पद्धत नियमांखाली गाडली गेली असे म्हणणाऱ्यांनी तो हंगाम पाहायला हवा. सोडून जाणाऱ्यांचा अनुभवही बोलका आहे: जॉन्सन गेल्यावर जॉर्जिया टेकने वेगळी वाट धरली आणि पुढचे तीन हंगाम प्रत्येकी तीनच विजयांवर संपले. ऑप्शनसाठी निवडलेले खेळाडू हाताशी असताना दुसरे आक्रमण उभे करायला वेळ लागतो, हे त्यामागचे मोठे कारण असावे असे मला वाटते.

इतिहासाची आवड असेल तर माप आणखी झुकते. ऑप्शनच्याच मांडण्या असलेली ह्यूस्टनच्या बिल योमन यांची व्हीअर आणि 1968 मध्ये एमोरी बेलार्ड यांनी टेक्ससमध्ये आखलेली विशबोन, त्या विशबोनवर सलग 30 विजय मिळवणारा डॅरेल रॉयल यांचा संघ, सामन्यामागे सरासरी 472 यार्ड धावणारा 1971 चा ओक्लाहोमा, आणि आय-फॉर्मेशनमधून ऑप्शन चालवत 1994, 1995 व 1997 अशी विजेतेपदे मिळवणारे टॉम ऑस्बोर्न यांचे नेब्रास्का: एका संघाचा पाठपुरावा करता करता ही सगळी परंपरा ओळखीची होते. स्प्रेडलाही परंपरा आहे, पण तिथे दर दोन-तीन वर्षांनी प्रशिक्षक आणि परिभाषा दोन्ही बदलतात.

तेव्हा पास पाहूनच ज्याचे मन उचंबळते, ज्याला गुणफलक सतत हलता हवा असतो, किंवा ज्याच्या घरचा मुलगा रिसीव्हर म्हणून खेळतो, त्याने स्प्रेडचा संघ धरावा. त्यात कमीपणा नाही. बाकीच्यांना मी आर्मीपासून सुरुवात करायला सुचवेन, आणि तीही डिसेंबरातल्या नेव्हीविरुद्धच्या प्रसिद्ध सामन्यापासून नव्हे, कारण तिथे दोन्ही बचाव या आक्रमणाला वर्षभर सरावात पाहत आलेले असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरातला, एखाद्या स्प्रेड खेळणाऱ्या संघाविरुद्धचा सामना निवडावा आणि पहिल्या क्वार्टरमध्ये फक्त एकच गोष्ट पाहावी: ज्याला कोणी अडवत नाही तो एंड (कडेचा बचावपटू) स्नॅप होताच आत वळतो की बाहेर थांबतो. दुसऱ्या क्वार्टरपर्यंत चेंडू कुठे जाणार हे क्वार्टरबॅकच्या बरोबरीने आपल्यालाही कळू लागते.