करारात 'राहण्यासाठी' लिहायचं की 'धंद्यासाठी'?

तळमजल्यावरचा फ्लॅट. बघायला आलेलं जोडपं म्हणतं, "आत आम्ही राहू, हॉलमध्ये क्लास घेऊ. करार मात्र राहण्याचाच करा." मालकही मान डोलावतो. जागा सोडायची वेळ आली की भांडण नेमकं याच शब्दावर येतं.

लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरू देण्याचा करार, राहण्यासाठी असेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 24 मालकाच्या कामी येतं. मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत समोरच्याने बाजू मांडायची परवानगी मागितली नाही, तर ताब्याचा आदेश निघतो. अडवून ठेवलेल्या काळाची भरपाई दुप्पट दराने. शिवाय लेखी करारातला मजकूर इथे निर्णायक पुरावा धरतात.

धंद्याच्या जागेला ही वाट बंद. तिथे मुंबई-पुण्यात लघुवाद न्यायालय, म्हणजे दावा, साक्षी, उलटतपासणी आणि तारखा. भाडं जास्त मिळतं खरं, पण मालक जीएसटीत नोंदलेला असला तर त्यावर 18 टक्के कर, आणि पालिकेचा मालमत्ता करही वेगळ्या दराने.

मग सरसकट 'राहण्यासाठी' लिहून मोकळं का होऊ नये? कारण चार महिन्यांनी तोच भाडेकरू गुमास्ता लायसन्ससाठी (दुकान-धंद्याच्या नोंदणीसाठी) एनओसी मागतो आणि मालक चहा पिता पिता सही करून देतो. पुढे तो कागद समोरचा वकील फाइलमधून काढतो: करार राहण्याचा, एनओसी धंद्याची, सही एकच! घरात दोन-चार मुलांची शिकवणी घेतली म्हणून घराचं दुकान होत नाही, मुख्य वापर कशाचा ते बघतात. पण दारावर पाटी आणि आत बाकं असली तर माझ्या मते धंद्याचाच करार करावा, डिपॉझिट जास्त घ्यावं.

फर्निचरवर पैसे घालणाऱ्या व्यापाऱ्यालाही हेच सांगेन. राहण्याच्या करारावर सही केली, तर ती त्याच्याच अंगाशी येईल.

जुन्या पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन कमी भाड्यावर घेतलेल्या, जागेचं गणित निराळं. मालकाला स्वतःसाठी खरी गरज असेल, तर राहतं घर काय नि दुकान काय, दोन्ही मागता येतात. दिल्लीत दुकान असं परत मागायची सोय मालकाला नव्हती. 2008 मध्ये सत्यवती शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो भेद काढला. पागडीवाल्याने मात्र एक सांभाळावं: ज्या कामासाठी जागा घेतली, त्यासाठी ती सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने वापरली नाही, तर तेवढ्यावरही दावा लागतो. राहत्या खोलीचं गोदाम करणारे इथेच सापडतात.

आणि काहीही लिहा, नोंदणी करा. नोंदणीकृत करार नसेल तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य, ते खोटं पाडायची जबाबदारी मालकाची.