हेडलाइटमधली वाफ: सिलिकाची पुडी, नवं सील की मागचं रबर?

रत्नागिरीत पाऊस लागला की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच. हेडलाइटच्या काचेला आतून घाम येतोय. ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या टाकू, काच उघडून सील करून घेऊ, की बल्बमागचं रबर बदलू? माझ्या हॅचबॅकवर चार पावसाळ्यांत हे तिन्ही करून झालं आहे. गाडीगणिक फरक पडेल, पण मला जे दिसलं ते सांगतो.

सकाळी काचेच्या कोपऱ्यात विरळ धूसरपणा दिसतो आणि दिवे लावून गाडी अर्धा तास चालवली की जातो, एवढंच असेल तर काहीच करू नका. हेडलाइट हवाबंद नसतोच. 60 वॉटचा हॅलोजन तापला की आतली हवा फुगून ब्रीदरच्या, म्हणजे हवा ये-जा करण्यासाठी ठेवलेल्या नळीतून बाहेर पडते, विझला की बाहेरची आत ओढली जाते. जुलैतली हवा ओल घेऊनच येणार. थेंब ओघळत असतील, तळाला पाणी हलत असेल किंवा दोनपैकी एकाच दिव्यात हे होत असेल, तर मात्र हात घालायला हवा.

पहिल्या वर्षी मी पुड्या टाकल्या. स्वस्त, सोपं, आणि दुसऱ्या दिवशी काच खरंच लख्ख. केशरी दाण्यांची सिलिका घेतली होती. शनिवारपर्यंत दाणे हिरवे पडायचे, रविवारी ते एका वेगळ्या जुन्या कढईत मंद आचेवर सुकवून परत आत. सिलिका साधारण आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं पाणी धरते. ब्रीदर उघडाच असल्यामुळे ती दिव्यातली ओल संपवून थांबत नाही, बाहेरून येणारीही ओढत राहते.

एवढं चाललं असतं. खरा त्रास होता पुडी आत घालण्याचा. माझ्या गाडीत डाव्या दिव्यामागे बॅटरी येते, हात मनगटापर्यंतच जातो. कनेक्टर काढायचा, बल्बच्या बुडावरचं रबरी बूट ओढून काढायचं, पुडी बल्बला टेकणार नाही अशी बांधायची, मग बल्बच्या तीन पिना रबराच्या फटींतून बाहेर काढून त्याची कड खोबणीत बसवायची. दिसत काही नाही. बोट फिरवून चाचपायचं. दर रविवारी ओढून ओढून ऑगस्टपर्यंत त्या रबराची खालची कड सैल पडली आणि बाहेरच्या बाजूला वळली. एकदा साचलेल्या पाण्यातून गाडी काढली आणि घरी येऊन पाहतो तर काचेवर वाफेऐवजी सरळ थेंब. ओल काढायला मी जे दार उघडत होतो, तेच आता नीट बंद होत नव्हतं. पुडीवरचं माझं मन तिथेच उडालं.

दुसऱ्या वर्षी उजवा दिवा उघडून सील करून घेतला. बंपर उतरवून, हीट गनने जुनं ब्यूटाइल, म्हणजे काच धरून ठेवणारा रबरी गोंद, मऊ करून काच सोडवली, त्याचीच नवी दोरी दाबून बसवली. काम हाताळायला सफाईदार होतं. पण कारागिराने भरवशाचं म्हणून ब्रीदरच्या तोंडावरही सिलिकॉन फासलं होतं. मग जी वाफ धरायची ती दिवे लावूनही तासन्‌तास हलायची नाही. काचेला तडा असेल किंवा ठोकर बसून जोड सुटला असेल, तर सीलशिवाय इलाज नाही, हे मान्य. करून घेणार असाल तर ब्यूटाइलच मागा. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनच्या वाफेने आतला चकचकीत मुलामा काळवंडू शकतो. काही गाड्यांची काच न वितळणाऱ्या कडक गोंदाने चिकटवलेली असते, ती उघडताना फुटते. गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरलाच दाखवा.

तिसऱ्या वर्षी दोन्ही बाजूंची रबरं नवी घातली. दोन्हींचे मिळून चारशेच्या आत गेले. उजव्या ब्रीदरवरचं सिलिकॉन खरवडलं. डाव्या दिव्याच्या ब्रीदरची कोपरासारखी वळलेली नळी काढून पाहिली, तर आत कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं, फुंकर मारली तरी हवा जाईना. तारेने माती कोरून काढली, नळी तोंड खाली करून बसवली. बल्ब काढून कमी आचेच्या हेअर ड्रायरने आतली ओल सुकवली, मग रबर चढवलं. त्यानंतर हा दुसरा पावसाळा. आंबा घाटात पहाटे धुक्यातून आलो की कोपऱ्यात थोडी झाक धरते आणि साखरप्यापर्यंत निघून जाते.

तुम्ही बाहेरून पंखेवाला एलईडी बसवला असेल आणि त्यासाठी रबर कापलं किंवा काढून ठेवलं असेल, तर दुसरं कारण शोधू नका. त्यात एलईडी काचेकडे हॅलोजनइतकी उष्णता फेकत नाही, त्यामुळे धरलेली वाफ रेंगाळते. आधी त्या बल्बावर बसणारं खोलगट टोपण मिळवा.

पुडी मी आजही ठेवतो, पण रबर बदलण्याच्या आदल्या रात्री, उरलेली ओल ओढायला, एकदाच. सकाळी ती काढायची, कड चारही बाजूंनी बोटाने चाचपायची आणि पाऊस संपेपर्यंत तिथे हात लावायचा नाही. वॉशिंगवाल्याला बॉनेट उघडून प्रेशरचा फवारा दिव्यांच्या मागे मारू नको, असं मात्र दर वेळी सांगावं लागतं.