ग्लोबल टेलिंग्ज पोर्टल: फुकट आहे, कामाचं आहे, पण 'सेफ'चा शिक्का समजू नका

आधीच सांगतो, ही वेबसाइट आहे आणि एक पैसा लागत नाही. खाणीतला दगड दळून त्यातला धातू काढून घेतला की मागे बारीक ओला गाळ उरतो, त्याला टेलिंग म्हणतात, तो कुठेतरी साठवायचा म्हणून बांध घालतात, आणि जगातले असे 1,700 च्या वर बांध या पोर्टलच्या नकाशावर आहेत. बांध निवडला की कंपनी कोण, बांधलाय कसा, उंची किती, आत गाळ किती, सगळं समोर येतं. मला हे भाच्याने दाखवलं, व्हीएनआयटीतून मायनिंग करून तो आता पर्थला असतो. जुलै 2022 मध्ये आमच्या नागपूरजवळ खसाळ्याचा वीज केंद्राच्या राखेचा बांध फुटला तेव्हापासून असलं काही दिसलं की मी थांबून वाचतोच. (राखेचे बांध यात नाहीत, हे फक्त खाणींचं आहे, खसाळा शोधत बसू नका, मी बसलो होतो.)

हे सुरू झालं ते ब्राझीलच्या ब्रुमाजिन्योमुळे. 25 जानेवारी 2019, दुपारची जेवायची वेळ, 'वाले' (Vale) नावाच्या खाण कंपनीचा 86 मीटर उंच बांध काही सेकंदांत कोसळला, आणि कामगारांची कँटीन कुठे तर बरोब्बर बांधाच्या खाली. 270 माणसं गेली. भोंगा वाजलाच नाही. त्यानंतर इंग्लंडच्या चर्चचा पेन्शन फंड (हो, पाद्रींच्या पेन्शनचे पैसे पण खाणींच्या शेअरमध्ये असतात!) आणि स्वीडनच्या पेन्शन फंडांची एथिक्स कौन्सिल, यांनी जगभरच्या शेअर बाजारातल्या खाण कंपन्यांना पत्रं पाठवली, की तुमच्या एकेका बांधाची माहिती जाहीर करा. पैसा ज्याचा त्याने विचारलं म्हटल्यावर बऱ्याच जणांनी उत्तरं दिली, आणि नॉर्वेच्या ग्रिड-आरेंडाल संस्थेने जानेवारी 2020 मध्ये ती सगळी एका ठिकाणी मांडली. सरकारांना जे जमलं नाही ते पेन्शनवाल्यांनी करून दाखवलं, याला माझ्याकडून फुल मार्क.

आता वापरताना बहुतेकांची गल्लत होते ती 'हॅझर्ड'च्या रकान्यात. मी पण पहिल्या दिवशी 'एक्स्ट्रीम' लिहिलेले बांध बघून हादरलो, भाच्याला रात्री फोन केला, अरे हे तर उद्या फुटतील. तो हसला. म्हणे, "मामा, ते फुटण्याच्या चान्सेसचं माप नाही, फुटला तर खाली किती माणसं मरतील, किती नासधूस होईल त्याचं माप आहे." म्हणजे एकदम मजबूत बांधही एक्स्ट्रीम असू शकतो, फक्त खाली गाव असलं पाहिजे. आणि हे माप लावायला एका कंपनीने कॅनडाचं कोष्टक वापरलंय, दुसऱ्याने ब्राझीलचं, तिसऱ्याने दक्षिण आफ्रिकेचं, त्यामुळे दोन कंपन्यांचा 'हाय' शेजारी शेजारी ठेवून तुलना करायला जाल तर फसाल.

खरा माल दोन रकान्यांत आहे. एक, बांध वाढवला कसा. 'अपस्ट्रीम' लिहिलं असेल तर नीट वाचा, त्यात पुढचा थर आधीच साठवलेल्या गाळावरच चढवत नेतात, स्वस्त पडतं, पण पाया म्हणजे तो गाळच. वरून टणक दिसतो, आत पाणी धरून असतो, आणि एकदा सुटला की पातळ होऊन वाहायला लागतो. ब्रुमाजिन्योचा बांध असाच होता, 2016 पासून त्यात नवा गाळ टाकणंही बंद होतं, तरी पाच मिनिटांच्या आत जवळपास तीन चतुर्थांश माल बाहेर. दुसरा रकाना सगळ्यात भारी: हा बांध कधी स्थिर नसल्याचं निघालं होतं का, काही गंभीर शंका आल्या होत्या का? दहा टक्क्यांहून जास्त बांधांना कंपन्यांनी स्वतःच 'हो' लिहिलंय. स्वतःच्या हाताने! काहींनी पुढे काय दुरुस्ती केली तेही लिहिलंय, ते वाचण्यासारखं आहे.

पण इथेच माझा एक स्टार कटतो. सगळं कंपनीने स्वतः भरलेलं, परीक्षा पण त्यांची आणि पेपर तपासणारे पण तेच. ब्रुमाजिन्योच्या बांधाला सप्टेंबर 2018 मध्ये, म्हणजे चार महिने आधी, टूव्ह स्यूड या जर्मन तपासणी कंपनीच्या इंजिनिअरांनी स्थिर असल्याचं सर्टिफिकेट दिलं होतं. तेव्हा हे पोर्टल असतं तर त्याच्यापुढे काय छान छान उत्तर दिसलं असतं विचार करा.

अर्धा स्टार अजून कटतो कारण पत्रं गेली शेअर बाजारातल्या कंपन्यांना, खासगी मालकीचे नि जुने सोडून दिलेले बांध त्यात कसे यायचे? सप्टेंबर 2022 मध्ये दक्षिण आफ्रिकेत यागर्सफाँटेनला जुन्या हिऱ्यांच्या खाणीचा बांध फुटला तो खासगी कंपनीचाच होता, आणि तिथे 2007 च्या एका कोर्टाच्या निकालामुळे जुना गाळ परत धुऊन काढणं 'खाणकाम'च धरत नव्हते, मग खाण खातं म्हणे आमच्याकडे येत नाही. देखरेख कोणाची यावर घोळ आणि चिखल लोकांच्या घरात.

ताजी माहिती हवी असेल तर नुसतं यावर थांबू नका. ऑगस्ट 2020 मध्ये टेलिंगसाठी जागतिक मानक आलं, 77 अटी आहेत, आयसीएमएम या मोठ्या खाण कंपन्यांच्या संघटनेच्या मेंबर कंपन्यांना ते पाळायला, फुटल्यास सगळ्यात जास्त नुकसान करतील अशा बांधांसाठी ऑगस्ट 2023 आणि बाकीच्या बांधांसाठी ऑगस्ट 2025 ची मुदत होती, त्यांचे रिपोर्ट त्यांच्याच साइटवर सापडतात. मी पोर्टलवरून बांधाचं नाव उचलतो आणि तिकडे जाऊन ताडून बघतो, एक तास सहज जातो. आयबीएमचं, म्हणजे इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं, मुख्यालय आमच्याच सिव्हिल लाइन्समध्ये आहे, त्यांनी भारतातल्या टेलिंग बांधांचा असा नकाशा लोकांपुढे टाकला तर पहिला रिव्ह्यू मीच लिहीन.

सध्या याला 5 पैकी 3.5. इंग्रजी वाचता येत असेल तर नक्की बघा, आणि नकाशा सॅटेलाइट व्ह्यूवर टाकून बांधाच्या खाली काय आहे ते आधी शोधा.